रुमालाखालचा कंप्युटर

आकडा मोजून येत नसतो, तो ठरून येत असतो. पाऊस किती पडला, विहिरी किती खणल्या, शाळेत लेकरं किती आली, हे खरंच मोजत बसलं तर माणसाला जेवायला सवड मिळायची नाही, अन् जेवणारे किती हे मोजायला तर मुळीच नाही. म्हणून शहाण्या लोकांनी पूर्वापार एक सोय करून ठेवली आहे. दोघं समोरासमोर बसतात. एकजण वरून खाली उतरतो, दुसरा खालून वर चढतो, मधी कुठं तरी दोघं एकमेकाला धडकतात. त्या धडकेला आकडा म्हणतात. तोच शाईनं लिहिला की आकडेवारी होते.

परभणी मुलुखात ही सोय सगळ्यात चोख चालायची ती बैलबाजारात. घेणारा अन् देणारा हातात हात देतात, दलाल वरून रुमाल टाकतो, अन् खाली बोटं दाबून भाव होतो. तोंडानं तवर पाव्हण्याची तब्येत, लेकीचं बाळंतपण, पाऊसपाणी विचारायचं. वर तोंडं गोड, खाली बोटं लाल. बाजाराचे नियम दोनच. पहिला: आपला आकडा आपण आधी सांगायचा नाही. समोरच्याची मूठ आवळायची, म्हणजे "तुमी किती म्हणता?" दुसरा: पटलं नाही तर हात बाहेर काढायचा. हात रुमालाखाली तसाच राहिला की सौदा झाला. मग ब्रह्मदेव आला तरी तो मोडत नाही (ब्रह्मदेवाकडं दलालीचा परवाना नाही). हे दोन नियम ध्यानात ठेवा. नाही ठेवले तरी चालतंय. नियम तुमाला ध्यानात ठेवतील.

ह्या बाजारातले मोठे दलाल म्हणजे बसवंतराव. पांढरं धोतर, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अन् बोटं अशी तरबेज की घरात मीठ कमी पडलं तरी तोंडानं सांगायचे नाहीत, बायकोची करंगळी दाबायचे. त्यांची लेक उमादेवी. तिचं लग्न शिवरुद्र नावाच्या पोराशी ठरलं होतं, अन् तेही रुमालाखालीच ठरलं होतं. बसवंतरावांनी पोराच्या चुलत्याच्या हातावर उपरणं टाकलं अन् एकच अट दाबली: जावयाची नोकरी परभणीपासून पन्नास किलोमीटरच्या आत पाहिजे. पाथरी चालंल, जिंतूर चालंल, चारठाण्याचं नाव निघालं तर विचार करावा लागंल, पण त्याच्या पुढं लेक द्यायची नाही. चुलत्यानं हात काढला नाही. सौदा झाला.

शिवरुद्रानं उमादेवीला दोनदा बघितलं होतं. एकदा चहाच्या कपावरून, रीतसर. दुसऱ्यांदा पिंगळीच्या स्टेशनावर, चुकून (दोघंही चुकून एकाच गाडीची वाट बघत बसले होते, अन् दोघांनाही कुठंच जायचं नव्हतं). त्या दिवशी गाडी लय उशिरा आली. शिवरुद्राच्या मते लवकर आली.

शिवरुद्राची नोकरी परभणीतच, जिल्हा यांत्रिक आकडेवारी केंद्रात. हे केंद्र म्हणजे दूरदृष्टीचा नमुना. सरकारनं आधी कंप्युटर पाठवला, मग त्याच्यासाठी खोली बांधली, मग खोलीसाठी थंड हवेचं यंत्र, मग त्या यंत्रासाठी वीज, अन् सगळ्यात शेवटी, आता आलंच आहे तर, काम. कंप्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. केंद्रप्रमुख दिनकरराव दर गुरुवारी त्याला उदबत्ती ओवाळायचे. आतल्या गारव्यानं त्यांना सर्दी व्हायची, म्हणून प्रमुखांची खुर्ची कायमची व्हरांड्यात ठेवली होती. तिथून ते केंद्रावर नजर ठेवायचे, म्हणजे दारावर.

तर एकोणीसशे एकोणनव्वद साली वरून हुकूम आला. "राज्यकारभाराची भाषा मराठी असल्याने सदर यंत्रानेही यापुढे मराठीतच कामकाज करावे. तपासणी अक्षयतृतीयेच्या सुमारास होईल. कसूर झाल्यास यंत्राशी संबंधित कर्मचाऱ्याची बदली गडचिरोली येथे करण्यात येईल."

यंत्राशी संबंधित कर्मचारी एकटा शिवरुद्र, पुण्याला कंप्युटर शिकून आलेला. बाकीच्या अकरा जणांचा यंत्राशी काही संबंध नव्हता, ते नुसते त्या केंद्रात कामाला होते.

गडचिरोली परभणीपासून चारशे किलोमीटरच्या पुढं. अट पन्नासची. शिवरुद्रानं हुकूम दोनदा वाचला अन् त्याला पिंगळीचं स्टेशन आठवलं.

आता मिशीनला भाषा शिकवणं म्हणजे काय, तर त्याची एक पद्धत आहे. मिशीनला मुळात कोणतीच भाषा येत नाही. माणूस 'सी' नावाच्या भाषेत लिहितो (भाषेचं नाव एकाच अक्षराचं, त्यामुळं नावावरून भांडणाला जागा नाही). ते कंपायलर नावाचा मधला दलाल वाचतो अन् मिशीनला समजंल असं करून देतो. पण कंपायलरनं वाचायच्याही आधी एक गोष्ट होते. लिहिणाऱ्यानं सांगून ठेवलेलं असतं, की अमुक शब्द दिसला की त्याच्या जागी तमुक मजकूर घाल. ह्याला मॅक्रो म्हणतात. शिवरुद्रानं विचार केला, की वरून मराठी शब्द ठेवावेत, खाली मॅक्रोनं त्याचं 'सी' व्हावं. वरच्यांनी वाचलं तर मराठी, मिशीननं वाचलं तर मिशीनचं. सरकारी कामाला ह्याच्यापेक्षा सोयीचं दुसरं काय असतं.

फक्त शब्द पाहिजे होते. त्यासाठी दिनकररावांनी समिती नेमली अन् तिथंच घोटाळा झाला.

त्या वर्षांत मराठवाड्यात नावाची मोठी दहशत होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं, ह्यावरून दहा-अकरा वर्षं मुलुख धुमसत होता. ज्यांची घरं जाळली त्यांचं दुःख त्यांनाच ठाऊक, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. हसण्यासारखं एवढंच, की ज्यांच्या छपराची एक काडी काळी झाली नव्हती, त्या सायबांनाच नावाची धडकी भरलेली. कशालाही नाव द्यायचं म्हणलं की दिनकरराव रजेचा अर्ज लिहायला घ्यायचे. त्यांनी सख्ख्या नातवाचं बारसं दोन वर्षं पुढं ढकललं होतं (घरात त्याला 'सदर बालक' म्हणायचे).

समितीपुढं पहिलाच शब्द आला: एकच काम परत परत करायला मिशीनला काय म्हणायचं? जिंतूरचे सभासद म्हणले 'फेरा'. पाथरीचे म्हणले 'चक्कर'. एकानं पुण्याहून आणलेल्या कोशातून 'पुनरावर्तन' काढलं, ते दुसऱ्याला उच्चारता येईना म्हणून तो अपमान समजून उठून गेला. मग 'आहे' म्हणायचं का 'हाय' म्हणायचं, ह्याच्यावर चहा थंड झाला. शेवटी एकमतानं ठराव झाला: "सदर क्रियेस शब्द नसावा." पुढच्या बैठकीत तोच ठराव बाकीच्या सगळ्या क्रियांना लागू करण्यात आला अन् समितीचं काम यशस्वीरीत्या पूर्ण झालं.

आता शिवरुद्रापाशी मराठी भाषा होती, फक्त तिच्यात शब्द नव्हते.

तो तसाच बसवंतरावांच्या घरी गेला. सांगून टाकावं म्हणला, की मामा, लग्न व्हायचं न्हाई, मी गडचिरोलीला चाललो. ओसरीवर बसवंतराव होते, शेजारी त्यांच्या आई, मल्लम्मा, वाती वळत बसल्या होत्या. आत दाराआड उमादेवी. शिवरुद्रानं सगळी हकीकत सांगितली.

"मॅक्रो मंजी काय रे लेकरा?" मल्लम्मांनी विचारलं.

"अव्वा, समजा मी एक शबुद लिव्हला. तो मिशीनपाशी जायच्या आधीच त्येच्या जागी मी ठरवलेलं दुसरंच काय तर बसतंय. मिशीनला पत्ताच लागत न्हाई."

"मंजी आमी धन्याचं नाव घेत न्हाई, तसं. मी म्हणायची, आमच्या घरातले बाजारला गेलेत. तर ऐकणाऱ्याच्या कानात पडायच्या आधीच त्येचा शिवलिंगअप्पा होऊन जायचा."

"तसंच की, अव्वा."

"मग हे शिकायला तू पुण्याला कशाला गेल्तास? हितं ओसरीवर बसला आसतास तर मी शिकवलं आसतं." त्यांनी वात ताटात टाकली. "आन् तुला शबुदच नको आसतील, तर ज्या बोलीत शबुदच न्हाईत ती घाल की. हा बसलाय न्हवं तुझा मामा. तीस वर्षं झाली, तोंडानं एक अक्षर खरं बोलला न्हाई. समदं बोटानं."

बसवंतरावांनी अंगावरचं उपरणं काढलं, शिवरुद्राचा हात धरला, अन् वर टाकलं.

"उघड्यावर शिकवा की मामा, मला दिसंल तरी."

"उघड्यावर बोटं लाजत्यात," बसवंतराव म्हणले. "बरं, घरची समदी बरी हायत का?"

"बरी हायत. पण मामा, तुमी मला..."

"तोंडानं उत्तर देत जा, बोटाकडं ध्यान दे. दावणीला बैल बांधलेत आसं धर. लांबच लांब दावण. एकेका खुंट्याला एकेक बैल, एकेक आकडा."

अन् मग ओसरीवर, पाऊसपाणी विचारत विचारत, ह्या भाषेचं व्याकरण शिवरुद्राच्या तळहातावर दाबलं गेलं. सगळ्या मिळून खुणा आठ. अंगठा दाबला की पुढच्या खुंट्यावर सरक. करंगळी दाबली की मागच्या खुंट्यावर ये. पहिलं बोट: ह्या खुंट्यावरचा आकडा एकानं वाढव. मधलं बोट: एकानं उतरव. तिसरं बोट: खुंट्यावर काय हाय ते बोलून दाखव. मूठ आवळली: समोरच्याला विचार. मनगट धरलं: हितून फेरा सुरू. मनगट सोडलं: खुंटा रिकामा झाला आसंल तर सुट, नसंल तर परत फीर.

ह्या आठ खुणांत जगातली कोणतीही गोष्ट सांगता येते, हे शिवरुद्राच्या ध्यानात आलं अन् त्याच्या अंगावर काटा आला. (ती ऐकून घ्यायला वेळ फार लागतो, पण ते जगातल्या कोणत्याही गोष्टीचं असंच आहे.)

"मामा, सात म्हणायचं तर कसं?"

बसवंतरावांनी आधी त्याची मूठ आवळली, मग पहिलं बोट सातदा दाबलं.

"आन् फेरा सुरू?"

बसवंतरावांनी मूठ आवळली, मग मनगट धरलं.

शिवरुद्र तोंडानं पुटपुटत दुसऱ्या हातानं कागदावर टिपून घेत होता. सात म्हणजे मूठ अन् सात बोटं. फेरा म्हणजे मूठ अन् मनगट. आता बसवंतराव मूठ का आवळत होते, तर समोरच्याला आधी विचारल्याशिवाय आपली खूण द्यायची नाही, ही त्यांची तीस वर्षांची खोड. त्यांना सात म्हणायचं होतं, पण मूठ आपोआप आवळली जायची, जसं आपण पाणी प्यायच्या आधी भांड्यात बघतो. शिवरुद्राला वाटलं मूठ हीसुद्धा साताचीच. दाराआड उमादेवीनं पदर तोंडाला लावला. शिवरुद्राला वाटलं, लाजली.

पुढं तीन आठवडे शिवरुद्र बोटांची भाषा 'सी'च्या पोटात बसवत होता. आठही खुणांचे आठ मॅक्रो केले, अन् प्रत्येक मॅक्रोच्या तोंडाशी, शिकवलं होतं तसंच, इमानदारीनं, मूठ ठेवली. नुसतं 'नमस्कार' म्हणायला चार पानं बोटं लागली. दिनकररावांचं नाव, हुद्द्यासकट, अकरा पानांत बसलं. ते बघून दिनकरराव गहिवरले. "आमच्या नावाचा येवढा विस्तार आजवर कुणी केला न्हवता," म्हणले. समितीतल्या कुणाला हरकत घ्यायला शब्दच सापडला नाही. भाषा मराठी आहे का, असं एकानं विचारलं. दिनकरराव म्हणले, "बोटं कुणाची हायत? परभणीची. मग?" अन् बसवंतरावांच्या सांगण्यावरून कंप्युटरच्या कळांवर एक मोठा पांढरा रुमाल कायमचा पांघरला. हात खाली घालायचा, कळा दाबायच्या, बघायचं नाही.

पहिल्या दिवशी दिनकररावांनी सर्दी पत्करून आत पाऊल टाकलं. रुमालाखाली हात घालून, शिवरुद्रानं सांगितलं तशी बोटं दाबून त्यांनी विचारलं: पाथरी तालुक्यात विहिरी किती?

पडद्यावर अक्षरं उमटली: तुमी किती म्हणता?

शिवरुद्राला गडचिरोलीच दिसली.

दिनकररावांनी मात्र इकडंतिकडं बघितलं, घसा साफ केला, अन् चारशे दाबले. मिशीन म्हणलं नऊशे. दिनकरराव पाचशे. मिशीन सातशे. दिनकररावांच्या कपाळाला त्या थंड खोलीत घाम आला. ते सहाशेवर आले अन् थांबले. मिशीनही थांबलं. हात रुमालाखाली, कुणी काढंना. मग प्रिंटर खडखडला अन् कागद बाहेर आला: विहिरी ६००. सौदा झाला.

दिनकररावांनी कागद छातीशी धरला. "शिवरुद्रा! मागच्या साली मी व्हरांड्यात बसून अंदाजानं पाठवला होता तोच आकडा! ह्या मिशीननं तो शास्त्रानं काढून दाखवला!"

"साहेब, चूक झालीया. मूठ चुकून आत गेलीया. मी काढतो."

त्यानं मिशीनचा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, उघडून बघितला तर कार्यक्रमात चूक नव्हतीच. एकेक ओळ सरळ. चूक होती ती मॅक्रोत, म्हणजे कार्यक्रम जन्माला यायच्या आधीची. आठही खुणांच्या तोंडाशी तीच मूठ, अन् मूठ आली की मागोमाग घासाघीसही आलीच. मॅक्रो बदलायचे तर बोटांची सगळी पानं परत पहिल्यापासून कंपायलरकडून वाचून घ्यावी लागत होती. दिनकररावांनी त्याला लेखी मनाई केली. "चालू यंत्राची चूक दुरुस्त करणे हे शासकीय मालमत्तेचे नुकसान समजण्यात येईल."

त्या उन्हाळ्यात परभणीच्या आकडेवारीनं जी भरारी घेतली तिला तोड नाही. वर्षानुवर्षं अडलेले आकडे आठवड्यात निघाले. एका गावानं घासाघीस करून मागच्या सालचा पाऊस दीडपट करून घेतला. त्यापायी दुष्काळाच्या यादीतनं नाव गेलं, तर परत येऊन तोच पाऊस उतरवून नेला, जाताना थोडी गारपीट जास्तीची घेतली. एका हेडमास्तरानं शाळेतली लेकरं तिप्पट ठरवली. एवढ्या लेकरांना बाकं कुठून आणायची, हा प्रश्न आला नाही, कारण बाकंही त्याच मिशीनवर ठरली. नर्मदाबाई नावाच्या म्हातारीला वयाचा दाखला पाहिजे होता. मिशीननं विचारलं किती म्हणता, बाई म्हणल्या चाळीस, मिशीन म्हणलं नव्वद, बासष्टावर जमलं. तवापासून नर्मदाबाईचे गुडघे दुखायचे थांबले (दप्तरी तशी नोंद आहे). कुणाची एक तक्रार आली नाही. जो आकडा माणसानं स्वतः ठरवलेला असतो त्याच्याविरुद्ध तो तक्रार करणार कुणाकडं?

मग तपासणी आली. किशनराव नावाचे मोठे साहेब जीपमधून उतरले. दिनकररावांनी हार घातला, चपला काढायला लावल्या, हात रुमालाखाली नेऊन ठेवला. साहेबांनी विचारलं: ह्या केंद्राची कार्यक्षमता किती टक्के?

तुमी किती म्हणता?

किशनराव साहेबांनी चष्मा पुसून पडदा परत वाचला. शिवरुद्रानं डोळे मिटले.

"सव्वीस वर्षं नोकरी झाली," साहेब हळूच म्हणले, "मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

त्यांनी साठ दाबले. घासाघीस झाली. एकशे दहा टक्क्यांवर सौदा जमला. साहेबांनी खिशातून शेरा काढून दिनकररावांच्या हातात ठेवला. त्यात एकशे दहाच लिहिलेलं होतं. तो त्यांनी येताना जीपमधेच लिहून आणला होता. (साहेबांचाही मॅक्रो मिशीनपाशी पोचायच्या आधीच चालतो.)

एवढं झाल्यावर शिवरुद्र वाचला, असं तुमाला वाटंल. त्यालाही वाटलं होतं. चार दिवसांनी हुकूम आला: "सदर कर्मचाऱ्याची असामान्य हुशारी लक्षात घेता, ही योजना अन्य जिल्ह्यांत राबविण्यासाठी त्यांची बढतीवर बदली करण्यात येत आहे. प्रथम नेमणूक: गडचिरोली."

नापास झाला असता तर गडचिरोली, पास झाला म्हणून गडचिरोली. सरकारचा न्याय दोन्हीकडून सारखा, हे मानलं पाहिजे.

बसवंतरावांनी कागद वाचून घेतला, घडी केली, परत दिला. त्यांचंही तोंड उतरलं होतं. पोरगा त्यांना लय आवडलेला. पण ते म्हणले, "पन्नासची अट हाय. तुझ्या चुलत्याचा हात माझ्या हातात होता. मीच सौदा मोडला तर उद्या बाजारात माझ्या रुमालाला कोण हात लावंल?"

शिवरुद्रानं कागद खिशात घातला. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला अन् उमादेवी बाहेर आली.

"अप्पा, गडचिरोली पन्नासच्या आत न्हाई, हे कुणी सांगितलं तुमाला?"

"कुणी सांगाया कशाला पाहिजे? लय लांब हाय ते, पोरी."

"लांब मंजी किती? तुमी मोजलंय?"

"मी कशाला मोजू?"

"मग ठरवाया पाहिजे. जिल्ह्यात आकडे ठरवायचं सरकारी मिशीन हाय. चला."

मल्लम्मा म्हणल्या, "जा की रे. लेक म्हणायलीय तर."

केंद्रात बसवंतराव मिशीनसमोर बसले. पगडी सारखी केली. सवयीनं पडद्याकडं बघून म्हणले, "बरं हाय का? पाऊसपाणी?" अन् रुमालाखाली हात घातला. शिवरुद्रानं अंतराचा प्रश्न घातला. मिशीन म्हणलं: तुमी किती म्हणता?

बसवंतरावांनी मूठ दाबली. मंजी, तू किती म्हणतोस?

मिशीन म्हणलं: तुमी किती म्हणता?

बसवंतरावांनी परत मूठ दाबली.

एकाच वस्तादाचे दोन हात. कुणीच पहिला आकडा सांगंना. दिनकररावांचा चहा झाला, दुसरा चहा झाला, समितीचे सभासद दारातून बघून गेले. बसवंतरावांच्या चेहऱ्यावर मात्र असं समाधान, की तीस वर्षांत पहिल्यांदा तोलामोलाचा गडी भेटला. मूठ, मूठ, मूठ.

"सरका जरा, अप्पा," उमादेवी म्हणली.

"आगं ए! बाईमाणसानं रुमालात हात घालायचा नसतो."

"हा बैलबाजार न्हाई, सरकारी हापिस हाय. हितं बाईला मनाई आसल्याचा कागद दाखवा."

दिनकरराव कागद शोधायला कपाटाकडं धावले. तो सापडंपर्यंत (अजून सापडलेला नाही) तिनं बापाच्या हाताशेजारी आपला हात आत सारला अन् दहा दाबले.

मिशीनला खरं अंतर ठाऊक नव्हतं. पण समोरचा खालून आला की आपण वरून यायचं, हे त्याच्या रक्तातच घातलेलं होतं. ते म्हणलं नव्वद. उमादेवी म्हणली वीस. मिशीन सत्तर. उमादेवी चाळीस. मिशीन छप्पन.

छप्पन म्हणजे चारठाण्यापाशी जाऊन आडकलं, अट पन्नासची. मिशीन काही हलेना. शिवरुद्राला वाटलं, संपलं.

उमादेवीनं हात रुमालातून अर्धा बाहेर काढला. मनगटावरच्या हिरव्या बांगड्या दिसाया लागल्या. ती पडद्याकडं बघेना सुद्धा. "राहू द्या," म्हणली, "दुसरीकडं बगू."

हे बसवंतराव तीस वर्षं करत आले होते. बैल सोडून दहा पावलं चालत जायचं, वळून बघायचं नाही. पडदा दोनदा लुकलुकला. मग उमटलं: अठ्ठेचाळीस.

तिनं हात परत आत घातला अन् ठेवला. प्रिंटर खडखडला. गडचिरोली ४८ किलोमीटर. सौदा झाला.

"मला मान्य न्हाई," बसवंतराव म्हणले. "हा सौदा तिनं केलाय."

"मामा," शिवरुद्र म्हणला. "तुमचा हात."

बसवंतरावांनी खाली बघितलं. त्यांचा हात मघापासून रुमालाखालीच होता. काढला नव्हता.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लेक चालली म्हणून आलं, का लेक दलाल निघाली म्हणून आलं, हे त्यांनी कुणाला विचारू दिलं नाही. नुसती रुमालाखाली तिची करंगळी दाबली. मीठ कमी पडल्यावर दाबायचे तशी.

लग्न थाटात झालं. जेवायला माणसं किती होती, हे मिशीनवर ठरवलं, त्यामुळं पंगत कमी पडली नाही. मग नवराबायको गडचिरोलीला निघाले. अठ्ठेचाळीस किलोमीटर जायला त्यांना दोन दिवस लागले अन् चार गाड्या बदलाव्या लागल्या. रस्ता लय खराब, असं बसवंतराव शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचे. वाटेत कुठल्या तरी स्टँडवर, रात्रीच्या गाडीची वाट बघताना, शिवरुद्रानं बायकोला विचारलं, की त्या दिवशी दाराआड तू लाजली होतीस का?

"हासले होते," उमादेवी म्हणली. "तुमी मूठसुद्धा लिवून घेतली, तवाच कळलं मला."

"मग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं आसतं, तर मिशीन खरं बोललं आसतं. मग तुमी कुठं आसता, आन् मी कुठं?"

शिवरुद्रानं पुढं आणखी कितीतरी जिल्ह्यांत ती भाषा बसवली. ते जुनं मिशीन कधीच भंगारात गेलं, रुमाल कुणीतरी धुवायला नेला तो परत आला नाही. पण मॅक्रोचा गुण असा, की तो मिशीनमधे राहतच नाही, तो आधीच होऊन गेलेला असतो. आता कुठं किती पिकलं, कुठं किती शिकलं, कोण किती पुढं गेलं, असले आकडे तुमी सकाळी पेपरात वाचता, मान हलवता, चहा पिता. तुमाला मूठ दिसत नाही, एवढंच.

अन् ह्या गोष्टीत खरं किती, असं तुमच्या मनात आलंच असंल. आपण तरी आधी कशाला सांगायचं? तुमी किती म्हणता? बारा आणे? आठ आणे? बरं, राहू द्या. बाजाराचा दुसरा नियम सुरवातीलाच सांगून ठेवला होता, अन् तुमचा हात तवापासून ह्या पानाखालीच आहे.